अर्धा कॅन समुद्र

राजाराम बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला,
म्हशी धुतात तिथून थोडं पुढं,
रात्री साडेनऊनंतर मी पाण्यावर बॅटरी धरून बसतो.
बराच वेळ काहीच नाही.
मग उजेडाच्या गोलात
धूळ जमते, आणि ती धूळ पोहायला लागते.

जाळी शालनच्या जुन्या वॉइल साडीची,
सायकलच्या रिमेला शिवलेली.
त्या रात्री जाळीत माशांची दोन-चार पिल्लं आली,
नुसते डोळे, अंग नाहीच म्हटलं तरी चालेल,
आणि एक कोळंबी,
पोटाखाली गाबोळी घट्ट धरलेली.

"तांबड्या रश्श्याला किती लागतील असली?"
बशीर मुल्लाणीनं कारखान्यात विचारलं.
मी म्हटलं, तुझ्या एका दातात
तीनशे बसतील.

आई गोड्या पाण्यातली,
पोरांना मात्र खारं लागतं.
नदीनं जायचं म्हटलं तर
पंचगंगेतून कृष्णेत, कृष्णेतून थेट पूर्वेला,
वाटेत किती धरणं, किती दारं.
पश्चिमेचा समुद्र जवळचा,
पण त्याच्यात आणि आमच्यात सह्याद्री उभा.
शेवटी मेव्हणा चंदर कामाला आला.
रत्नागिरी गाडीवर कंडक्टर आहे.
गोडेतेलाचा कॅन धुऊन दिला, त्यात तो
मिऱ्याच्या किनाऱ्यावरनं समुद्र भरून आणतो.
"कुणी इचारलं तर काय सांगू, दाजी?
लगेज का पॅसेंजर?"

तिसऱ्या पहाटे आईनं पोट झटकलं.
काच धुरकट झाली म्हणून पुसायला गेलो,
तर धूर आतून होता.
डोकं खाली, शेपूट वर,
सगळी उलटी पोहणारी,
उलटंच पुढं जाणारी.

मी उद्यमनगरात मोल्डर.
एकवीस वर्षं झाली,
साच्यात लोखंड ओतताना
हात हलत नाही माझा.
इथं ड्रॉपरनं खाणं सोडताना हलतो.
खाणं म्हणजे आर्टेमियाची अंडी,
चहाच्या भुकटीहून बारीक,
बाटलीत मिठाच्या पाण्यात फुटतात.
शाहूपुरीतून डबी आणली.
किंमत शालनला अजून माहीत नाही.

नवव्या दिवशी साठेक उरली असावीत.
काही मेली, काही एकमेकांनी खाल्ली,
काहींचं काय झालं
ते काचेलाही ठाऊक नाही.
अकरा वेळा कात टाकतात म्हणे.
तळाला पडलेल्या त्या काती
मी भिंगातून बघत बसायचो:
रिकामे पाय, रिकाम्या मिश्या,
आत कुणीच नाही.

सोमवारी आमच्याकडं सुट्टी,
आणि दुरुस्तीसाठी लाईटही सुट्टीवर.
हवेचा पंप थांबला.
घरात एवढी शांतता
मी कधी ऐकली नव्हती.
शालन काही बोलली नाही.
पदर खोचला, स्टीलचा पेला घेतला,
पाणी उचलायचं, वरून सोडायचं,
पुन्हा उचलायचं, पुन्हा सोडायचं,
चहा गार करावा तसं.
अडीच तास.
मधे मी म्हटलं, दे इकडं.
म्हणाली, तुम्ही लई जोरात ओतताय.

सात उरली.
चौतिसाव्या सकाळी मी दात घासत होतो
तेव्हा तिनंच हाक मारली:
"या की हिकडं! एक सुलटं झालंय."

काचेच्या तळाशी, वाळूच्या तीन कणांवर
पाय रोवून उभं.
पाठ वर. पोट खाली.
कुणाच्याही घरातल्या पोरासारखं.

आता त्याला परत गोड्यात आणायचं.
घाई केली तर जाईल.
रोज एक पेला समुद्र काढायचा,
एक पेला कोल्हापूर घालायचं.
आज नळाला पाणी नाही,
कालचं बादलीत ठेवलंय,
औषधाचा वास उडून जायला.
शालन वास घेऊन बघते,
मान हलवते:
अजून नाही.